साधी, सोपी, ओघवती

भाची यंदा दहावीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे राहायला आली तेव्हा मराठीची वही घेऊन आली होती, आणि मी चहा पिता पिता ती सहज चाळली. कवितांची रसग्रहणं लिहिलेली होती, सुवाच्य अक्षर, महत्त्वाच्या शब्दांखाली पट्टीने मारलेल्या रेघा. एका रसग्रहणात वाक्य होतं, "कवितेची भाषा साधी, सोपी, ओघवती असून ती वाचकाच्या मनाला थेट भिडते." पान उलटलं. पुढची कविता, पुढचं रसग्रहण, तेच वाक्य. त्याच्या पुढे तेच, फक्त 'थेट'च्या जागी 'सहज'. मग मला चाळाच लागला, प्रत्येक उत्तराच्या वरचं कवितेचं नाव बोटाने झाकायचं आणि उत्तर वाचून कविता कुठली ते ओळखायचं. सहापैकी एक ओळखता आली, ती पण उत्तरात 'नांगर' शब्द होता म्हणून.

मी विचारलं, "भिडते म्हणजे नक्की कुठे भिडते गं?"

"सगळीकडेच भिडते मावशी. सरांनी सांगितलंय, हे वाक्य लिहायचंच."

मी काही मराठीची प्राध्यापक नाही, बँकेत लोनच्या फायली बघते. पण फाईल बघणाऱ्या माणसाला एक सवय लागते, कुठलंही सर्वसाधारण वाक्य आलं की 'पुरावा कुठाय' असं विचारायची. 'अर्जदाराची आर्थिक स्थिती उत्तम आहे' असं कोणी लिहिलं तर आम्ही पासबुक मागतो. कवितेच्या बाबतीत मात्र गेली कितीतरी वर्षं आपण पोरांना पासबुक न मागता लोन पास करतोय, असं मला वाटतं, आणि ह्या लेखात तेच भांडण मांडायचंय.

आता ज्यांना दहावी सोडून बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पेपरला आता कृतिपत्रिका म्हणतात. कवितेच्या विभागात एक प्रश्न असतो तो रसग्रहणाचा, पाठ्यपुस्तकातल्या कवितेच्या दोनचार ओळी देतात आणि म्हणतात रसग्रहण करा. मुद्दे ठरलेले आहेत: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. शिवाय अजून एक प्रश्न असतो, त्यात मुद्द्यांवरून कवितेबद्दल लिहायचं, कवी कोण, काव्यप्रकार कोणता, विषय काय, आणि माझा सगळ्यात लाडका मुद्दा, 'कवितेतून मिळणारा संदेश'.

हे मुद्दे कोणी वाईट हेतूने काढलेत असं मी म्हणत नाही. साठ मुलांचा वर्ग, वर्षात संपवायचा पोर्शन, पेपर तपासायला शेकडो गठ्ठे, ह्यात काहीतरी चौकट लागणारच. शिक्षकांना झोडपण्यात मला रस नाही, ते बिचारे जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सगळं करून वर कविता शिकवतात. माझं म्हणणं चौकटीच्या क्रमाबद्दल आहे. आधी आशय, मग सौंदर्य, मग शेवटी भाषा. म्हणजे कवितेत काहीतरी 'सांगायचं' आहे ते आधी काढून घ्या, मग ते कसं छान सजवलंय ते बघा, आणि शेवटी वेळ उरला तर शब्दांकडे बघा. आपला 'अलंकार' हा शब्दच बघा ना, दागिना. बाई वेगळी, दागिने वेगळे, दागिने काढून ठेवले तरी बाई आहे तशीच. कवितेत असं नसतं हो. कवितेतनं शब्दांची रचना, ठेका, यमक काढून घेतलं तर खाली आशय नावाची कोणी बाई उभी राहिलेली दिसत नाही, खाली उरतं ते वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरचं सुविचाराचं चौकोनी खोकं.

हे नुसतं बोलून उपयोग नाही, पासबुक माझ्याकडे पण मागायला हवं. तर त्या दिवशी काय झालं ते सांगते. मी वही बाजूला ठेवली आणि भाचीला म्हणाले, चल, तुझ्या पोर्शनमध्ये नसलेली एक कविता वाचू, मार्कांचा संबंध नाही. बालकवींची 'औदुंबर', आठच ओळी आहेत, कागदावर लिहून दिल्या:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे
पायवाट पांढरी तयातुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर

तिने वाचली आणि पाच सेकंदात म्हणाली, "निसर्गकविता आहे. संदेश काय, झाडे लावा झाडे जगवा?"

मी हसले पण खरं सांगू का, पोटात थोडं कालवलं. कारण तिची चूक नाही. तिला दहा वर्षं जे विचारलं गेलं त्याचंच उत्तर तिने दिलं.

मग म्हटलं संदेश मरू दे, तू आता ही कविता मोठ्याने वाच आणि टेबलावर ठेका धर. तिचे आजोबा, म्हणजे माझे वडील, आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, त्यामुळे भजनी ठेका तिच्या बोटात आहे. आठ मात्रांचा. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. ऐल तटावर, आठ. पैल तटावर, आठ. मग 'हिरवाळी घेउन' ह्यात शेवटचं अक्षर जरा लांबवलं की अकरा. निळासावळा, आठ. झरा वाहतो, आठ. चार घरांचे, गाव चिमुकले, शेतमळ्यांची, दाट लागली, सगळं आठ-आठ, शब्द बरोब्बर तिथेच संपतो जिथे ठेका संपतो, एकदम लादी बसवल्यासारखं. ती मजेत ठोकत होती. आणि पाचव्या ओळीवर थांबली.

"मावशी, इथे अडखळतंय."

"परत म्हण."

"पायवाट पां... ढरी तयातुनि. तुटतंय. शब्द मध्येच तुटतोय."

बघा तुम्हीच म्हणून. आठ मात्रा 'पायवाट पां' इथे संपतात, 'पांढरी' हा शब्द मधोमध कापला जातो. पुढची ओळ, 'हिरव्या कुरणा' इथे आठ संपतात आणि 'मधुनि' पलीकडे जाऊन पडतं. मग सातव्या ओळीत परत झाकळुनी जळ, गोड काळिमा, सगळं जागच्या जागी. म्हणजे आठ ओळींच्या कवितेत सहा ओळी सरळ चालतात आणि दोनच ओळींत शब्द ठेक्याच्या बाहेर पाय टाकतो, आणि त्या दोन ओळी कुठल्या, तर 'अडवीतिडवी' पायवाटेच्या. मात्रा चुकलेल्या नाहीत बरं का, बेरीज करून बघा, बरोबर भरते. वाट वाकडी आहे असं ओळ सांगते आणि सांगता सांगता स्वतः पण वाकडी जाते.

आता हे आशयसौंदर्य, की काव्यसौंदर्य, की भाषिक वैशिष्ट्य? कुठल्या खणात टाकायचं? माझं सगळं म्हणणं ह्या एका प्रश्नात आहे. ती वाट आपण वाचताना आपली जीभ त्या वाटेवरनं चालते, हाच तिचा अर्थ आहे, आणि तो अर्थ 'कवीने पायवाटेचे सुंदर वर्णन केले आहे' ह्या वाक्यात येत नाही, कितीही सुवाच्य लिहा.

पुढची गोष्ट भाचीनेच पकडली. "हे 'असला' काय आहे? असला औदुंबर? म्हणजे आई म्हणते ना, असला कसला गं हा मुलगा, तसं?" मी गप्पच झाले. कारण तसंच आहे. सात ओळी एकदम शिस्तीत चित्र काढत आलेला माणूस शेवटी बोट दाखवून म्हणतो, बघा, असला हा! त्यात कौतुक आहे की थोडी तक्रार आहे, का दोन्ही? मराठीत 'असा' म्हटलं की नुसता प्रकार सांगितला जातो, 'असला' म्हटलं की बोलणाऱ्याचा चेहरा दिसतो. बाकी कवितेत बोलणारा कुठेच नाही, त्या एका तीन अक्षरी शब्दात तो एकदम डोकावतो आणि कविता संपते. 'असला'ला कुठल्या अलंकाराचं नाव देता येत नाही. म्हणून परीक्षेत त्याला मार्क नाही. मार्क कशाला, तर झाड पाय सोडून बसलंय म्हणजे चेतनगुणोक्ती, घ्या एक मार्क, चला पुढे.

आणि एक मला स्वतःला त्याच दिवशी दिसलं, इतकी वर्षं ही कविता पाठ असून दिसलं नव्हतं. ह्या कवितेत माणूस नाही. चार घरांचं गाव आहे, शेतमळे आहेत, पायवाट आहे, म्हणजे माणसाच्या खुणा सगळीकडे आहेत पण माणूस एक पण नाही. 'पाय' मात्र दोनदा आहेत. एकदा 'पायवाट' ह्या शब्दात लपलेले आणि एकदा झाडाचे. वाट चालते, तिच्यावर कोणाचे पाय नाहीत. झाडाला पाय आहेत, ते चालत नाही. झरा वाहतो, वाट चालते, काळिमा पसरतो, सगळं हलतंय आणि शेवटच्या ओळीत क्रियापद येतं 'बसला'. आता बालकवींनी हा 'पाय' मुद्दाम दोनदा ठेवला का ते मला कसं कळणार. पण तो तिथे आहे हे कागदावर दिसतंय.

इथे नेहमीचा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. लोक म्हणतात कवीने एवढा विचार केला असेल का? त्याला सुचलं, त्याने लिहिलं, तुम्ही बसलात मात्रा मोजत. मला हा आक्षेप आवडतो कारण त्यामागे कवीबद्दल प्रेम असतं, पण तो चुकीचा आहे. भाकरी थापणाऱ्या बाईला विचारा किती सेकंदांनी उलटायची. ती सांगू शकणार नाही, पण तिची करपत नाही. हाताला कळतं. कवीच्या कानाला कळतं. आपण वाचणारे त्या हाताकडे उलट्या दिशेने बघतो, भाकरी चांगली का झाली ते शोधतो, त्यासाठी तिच्या डोक्यात घड्याळ होतं असं मानायची गरज नाही.

आणि भाकरीवरून आठवलंच म्हणून, बहिणाबाई चौधरींना लिहिता वाचता येत नव्हतं. जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांच्या ओव्या घरच्यांनी ऐकून लिहून घेतल्या आणि त्या गेल्यावर 1952 साली पुस्तक आलं. आता 'मन वढाय वढाय, उभ्या पीकातलं ढोर, किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर' ह्यातली अक्षरं मोजा. आठ, आठ, आठ, आठ. आमच्या वेळी गण पाडायला शिकवायचे, यमाताराजभानसलगा, ह्या बाईला त्यातलं एक अक्षर माहीत असण्याचं कारण नव्हतं. तिला जातं माहीत होतं. जात्याची फेरी आणि ओवीची ओळ हातात हात घालून फिरतात, तिथून हे आलं. आणि ठेक्याच्या पलीकडे जाऊन बघा, 'वढाय वढाय' दोनदा, 'हाकला हाकला' दोनदा. हाकणारा दोनदा हाकतो, ढोर आपलं परत पिकावर. ओळीत शब्द परत येतो आणि ढोर पण परत येतं. मन चंचल आहे हा विचार काही नवीन नाही, मनाला माकड म्हणून झालंय, घोडा म्हणून झालंय. नवं काय, तर दुपारच्या उन्हात शेताच्या बांधावरून ओरडून घसा बसलेल्या बाईचा वैताग त्या दोन दोनदा आलेल्या शब्दांत ऐकू येतो. 'चंचल मनाचे समर्पक वर्णन' असं लिहून त्याची वासलात लावायची म्हणजे कमाल आहे.

दुसरा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो, आणि तो करणारे लोक बहुतेक करून चांगले वाचक असतात. त्यांचं म्हणणं कवितेची चिरफाड करू नका, फूल कुस्करून वास येत नाही, कविता अनुभवायची असते. ऐकायला बरं वाटतं. पण मग भजनात बघा. पखवाजवाला तिहाई घेतो आणि बरोबर समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, येतो तेव्हा सगळ्यात आधी मान कोणाची हलते? ज्याला सम माहीत आहे त्याची. ज्याला माहीत नाही त्याला पण मजा येते, नाही असं नाही, पण तो शेजारच्याची मान बघून मान हलवतो. माहिती असल्याने आनंद कमी झाला असा माणूस मला अजून भेटायचाय. आपल्याकडे तर शब्दच आहे 'सहृदय', आणि जुन्या काव्यशास्त्राने सहृदय म्हणजे नुसता हळवा माणूस असं कधी मानलं नाही, वाचून वाचून ज्याचं मन घासूनपुसून तयार झालंय तो सहृदय.

मला वाटतं चिरफाड नको म्हणणाऱ्यांचा राग खरा आहे पण पत्ता चुकलाय. त्यांना शाळेत ज्या चिरफाडीचा त्रास झाला ती चिरफाड नव्हतीच, ते लेबल चिकटवणं होतं. उपमा, लेबल. अनुप्रास, लेबल. भुजंगप्रयात, लेबल. मी स्वतः शाळेत कितीतरी ओळींवर ल आणि ग च्या, म्हणजे लघु-गुरूच्या, खुणा केल्या, पूर्ण मार्क घेतले, आणि घरी संध्याकाळी दिवेलागणीला 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' म्हणायचे ते वेगळं. शाळेतलं भुजंगप्रयात आणि घरचा हा श्लोक, दोन्ही एकच आहे, लगागा लगागा लगागा लगागा, हे मला कॉलेजात असताना एकदा बसमध्ये अचानक कळलं. कोणी सांगितलंच नव्हतं की वृत्त ही कानाने ओळखायची गोष्ट आहे आणि ती मला पाच वर्षांची असल्यापासून येते.

बरं 'संदेश' ह्या प्रकाराकडे परत येते, कारण तो मला साधा वाटत नाही. कवितेतून संदेश मिळालाच पाहिजे असं दहा वर्षं शिकवलं की मोठा झाल्यावर माणूस प्रत्येक कवितेकडे, कादंबरीकडे, सिनेमाकडे तसंच बघतो. ह्यातून समाजाला काय संदेश जातो? हा प्रश्न तुम्ही टीव्हीवर ऐकला असेल, बहुतेक वेळा कशावर तरी बंदी घाला म्हणणाऱ्याच्या तोंडून. मर्ढेकरांवर त्यांच्या कवितांसाठी अश्लीलतेचा खटला भरला गेला होता, पुढे ते सुटले. त्यांची 'पिपांत मेले ओल्या उंदिर' घ्या. संदेश काय काढणार? पिपाला झाकण लावा? पण पहिल्या ओळीकडे नुसतं बघा. ओलं काय आहे? 'ओल्या' हे रूप 'पिपांत'चं आहे, ओल्या पिपांत. पण ते तिथून उचलून 'मेले'च्या पलीकडे नेऊन उंदराला चिकटवलंय. साधं वाक्य केलं, 'ओल्या पिपांत उंदिर मेले', की ती घरातली एक किळसवाणी बातमी होते. मर्ढेकरांच्या ओळीत वाक्याचीच मान मुरगळल्यासारखी वाटते, आणि पुढची ओळ येते 'माना पडल्या, मुरगळल्याविण'. मराठीच्या व्याकरणात विभक्ती असल्यामुळे शब्द इकडेतिकडे हलवता येतात, ही आपल्या भाषेची सोय आहे, आणि त्याने ती सोय अशी वापरली. हे कळायला युरोपातलं महायुद्ध, यंत्रयुग, मानवी मूल्यांचा ऱ्हास असं काही माहीत नसलं तरी सुरुवात करता येते. नंतर ते पण वाचा, जरूर वाचा. पण गाइडात मूल्यांचा ऱ्हास पहिल्या वाक्यात येतो आणि 'ओल्या'वर कोणी थांबतच नाही.

फक्त शाळेलाच बोल लावायचा नाही म्हणून हे पण सांगते, मोठ्या मंडळींत वेगळीच गंमत चालते. तिथे संदेशाच्या जागी प्रतीक. औदुंबर म्हणजे कोण? ध्यानस्थ योगी. विरक्त माणूस. दत्तगुरूंचं झाड म्हणून दैवी काहीतरी. काळा डोह म्हणजे मृत्यू. त्यात बालकवींचा शेवट सगळ्यांना माहीत असतो, 1918 च्या मे महिन्यात भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून गेले, अठ्ठावीस पण पूर्ण नव्हते. मग लोक मागे जाऊन प्रत्येक डोहात तो शेवट शोधतात, जणू कवीला आधीच दिसलं होतं. मला हे पटत नाही. मृत्यू म्हणायचं तर म्हणा, काळा डोह आहे, वाट तिकडे जाते, आधार आहे थोडा. पण मग 'गोड काळिमा' ह्यातल्या 'गोड'चं काय करणार? तो शब्द घशात अडकतो. ज्या वाचनात 'गोड' बसत नाही ते वाचन कितीही खोल वाटलं तरी मी ते पास करणार नाही, फाईल परत पाठवणार. आणि उलट ज्याला हे नुसतं खेळकर चित्र वाटतं, पोरासारखं पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड, त्याला 'झाकळुनी' आणि 'काळ्या'चा हिशोब द्यावा लागेल. दोघांनाही कवितेतल्याच शब्दांनी अडवायचं, बाहेरून चरित्र आणून नाही. माझं स्वतःचं काय म्हणाल तर मला ते झाड शेवटपर्यंत दोन्ही वाटतं, आणि तसं वाटायला लावणारा शब्द 'असला' आहे.

मग करायचं काय. रसग्रहणाचा प्रश्न काढून टाका असं म्हणणारे आहेत, मी त्यातली नाही. तो काढला तर जी पोरं चार ओळी निदान घोकतात ती तेवढ्या पण वाचणार नाहीत. माझी मागणी छोटी आहे. गद्यासाठी पेपरात अपठित उतारा असतो ना, मुलाने आधी न पाहिलेला? मग कवितेसाठी अपठित कविता का नाही? एक छोटी कविता द्या, सहा ते दहा ओळी. कवीचं नाव सुद्धा देऊ नका, नाहीतर पोरं 'हे निसर्गकवी आहेत' ने सुरुवात करतील. आणि प्रश्न असे विचारा: कुठल्या शब्दावर तू थांबलास आणि का? हा शब्द बदलून दुसरा टाकला तर काय बिघडेल? मोठ्याने म्हणताना कुठे लय बदलते? उत्तर काही पण असू दे, मार्क फक्त एका गोष्टीला, मुलाने कवितेतल्या जागेवर बोट ठेवलंय की नाही.

ह्यात नवीन काही नाही खरं तर. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स नावाच्या प्राध्यापकाने जवळपास शंभर वर्षांपूर्वी हेच केलं, विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून टाकलेल्या कविता दिल्या आणि म्हणाला लिहा काय वाटतं ते. तिथल्या निवडक हुशार पोरांनी त्यात जे काय दिवे लावले ते त्याने 1929 साली पुस्तकात छापलं, नावाजलेल्या कवींना नावं ठेवली, सामान्य कवितांची आरती केली, ठरलेली वाक्यं ठोकून दिली. म्हणजे ओघवती भाषा केंब्रिजमध्ये पण होती म्हणायची. पण निदान तिथे ती उघडी पडली. आपल्याकडे ती उघडी पडूच शकत नाही कारण कविता आधीच माहीत, उत्तर आधीच माहीत, आणि तपासणाऱ्याकडे पण तेच मुद्दे लिहिलेला कागद.

ह्यावर लोक म्हणतात तपासणार कसं, एक सर चार देतील दुसऱ्या मॅडम एक देतील, रीचेकिंगला रांगा लागतील. अडचण खरी आहे. पण निबंध तपासतोच की आपण? तिथे कुठे नमुना उत्तर असतं? आणि क्लासवाले ह्याचं पण गाइड काढतील म्हणता, काढू देत. 'कुठल्या शब्दावर थांबलास' ह्याचं गाइड काढायचं तर त्यांना तरी कविता वाचावी लागेल. खेड्यातल्या, मराठी वेगळी बोलणाऱ्या मुलांचं कसं होणार असं एका ओळखीच्या शिक्षकांनी विचारलं. मला उलट वाटतं. प्रमाण मराठीतलं 'थेट भिडते' छापाचं वाक्य त्या मुलाला पाठच करावं लागतं, ते त्याचं नाहीच. पण 'वढाय' म्हणजे काय हे खानदेशातल्या मुलाला माझ्यापेक्षा आणि तुमच्यापेक्षा जास्त कळतं, आणि ते कळण्याला आज पेपरात जागा नाही.

भाचीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. सुट्टीनंतर तिची शाळेची प्रिलिम झाली. रसग्रहणात तिने पोर्शनमधल्याच कवितेवर, स्वतःच्या मनाने लिहिलं, एक ओळ बाकीच्यांपेक्षा आखूड का आहे आणि तिथे श्वास कसा संपतो त्याबद्दल. अर्धं पान लिहिलं होतं, मला फोटो पाठवला. चांगलं लिहिलं होतं हो, मावशी म्हणून नाही सांगत. चारपैकी दीड मार्क. समासात लाल पेनाने 'मुद्दे सुटले'.

रात्री फोन आला. "मावशी, बोर्डाला काय लिहू?"

इथपर्यंत एवढं लांबलचक लिहिणारी मी, अपठित कविता मागणारी, पासबुक मागणारी. मी तिला म्हणाले, ओघवती लिही बाई. तिन्ही मुद्दे आधी लिहून टाक, मग शेवटी वेळ उरला तर तुझं ते श्वासाचं लिही. आणि 'ओघवती'तला 'ती' दीर्घ काढ.